मॅलीच्या मुलखात निसर्गछायाचित्रकार म्हणून राहायचे असेल तर

नाशिककडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर ते बरीच वर्षे पक्ष्यांची छायाचित्रे काढत आले आहेत. त्यांच्या पत्नीला ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुरा शहरातील रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली असून दोघेही लवकरच तिकडे राहायला जाणार आहेत. तिथे निसर्गछायाचित्रणावर पोट भरता येईल का, ग्रामीण भागात छायाचित्रकाराचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते आणि निघण्यापूर्वी कोणती लेन्स घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे. मी व्हिक्टोरिया राज्याच्या याच वायव्य कोपऱ्यात, मॅली नावाच्या गव्हाच्या पट्ट्यात राहून हेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. केवळ पक्षी, प्राणी आणि भूदृश्ये टिपून ग्रामीण ऑस्ट्रेलियात घर चालवणारी माणसे फार थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांच्यामागे दीर्घकाळ कमावलेले नाव, स्वतःचे कलादालन किंवा छायाचित्रण सहलींचा व्यवसाय उभा असतो. बाकीचे आम्ही लग्ने, शाळांचे वर्गफोटो, विक्रीला निघालेली घरे, शेतीची यंत्रे, बदामाच्या बागा आणि शनिवारचे फुटबॉल-नेटबॉलचे सामने टिपतो आणि त्यातून निसर्गासाठी वेळ काढतो. पुष्कळ नवे लोक या कामांकडे नाइलाज म्हणून पाहतात. माझे मत वेगळे आहे. इथल्या निसर्गापर्यंत पोहोचण्याचा रस्ता याच कामांमधून जातो, आणि तो रस्ता टाळून थेट राष्ट्रीय उद्यानांत शिरणारा छायाचित्रकार वर्षानुवर्षे पर्यटकच राहतो.

याचे कारण जमिनीच्या मालकीत आहे. नकाशावर हा प्रदेश मोकळा आणि निर्मनुष्य दिसतो, पण उद्याने सोडली तर जवळजवळ सगळी जमीन कुंपणातली आहे. पाचरशेपट्या गरुडाचे घरटे, शेतातल्या तळ्यावर उतरणारी बदके, गव्हाच्या मधोमध एकटा उरलेला ब्लॅक बॉक्स जातीचा जुना वृक्ष, मॅली या बेताच्या उंचीच्या निलगिरीच्या झाडीचा नांगराखाली न आलेला तुकडा, हे सारे कोणाच्या ना कोणाच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या शेतात, असते. विचारल्याशिवाय तिथे पाऊल टाकायचे नाही. परवानगी मिळाल्यावरही फाटक जसे सापडले तसेच ठेवायचे, म्हणजे उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, कारण मेंढ्यांचा पाण्याकडे जाण्याचा मार्ग त्या एका फाटकावर अवलंबून असू शकतो. टायरला चिकटलेल्या चिखलातून तणाचे बी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते, म्हणून गाडी धुऊनच न्यायची. उन्हाळ्यात वाळलेल्या धसकटांवर गाडी उभी करायची नाही, कारण तापलेल्या सायलेन्सरच्या नळीने त्यांना आग लागू शकते. शेतकरी कोणाला आत सोडायचे हे या गोष्टींवरून ठरवतो, आणि आपण त्या पाळतो हे त्याला आधीच माहीत असावे लागते. त्याच्या मुलीच्या नेटबॉल संघाचे, नव्या कापणी यंत्राचे किंवा वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो आपण काढलेले असले की ही ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. माझ्याकडची गरुडांची सर्वांत चांगली छायाचित्रे अशाच एका कुटुंबाच्या शेतावरची आहेत. त्यांच्या घरच्या लग्नाचे काम मी केले होते, आणि पुढच्या हिवाळ्यात घरटे दिसल्याचे त्यांनी स्वतःहून फोन करून कळवले.

कामाचे वर्ष शेतीच्या वर्षाबरोबर चालते. गव्हाची पेरणी एप्रिल-मेमध्ये होते आणि कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. इथले ऋतू भारताच्या उलट असल्याने फुटबॉलचे सामने शरद ऋतूत, म्हणजे एप्रिलच्या सुमारास, सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालतात. ऑगस्टमध्ये मिल्डुरा आणि रॉबिनवेलच्या आसपास बदामाच्या बागा पांढऱ्याशुभ्र फुलतात, आणि परागीभवनासाठी दूरदूरहून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून आणल्या जातात. बागायतदारांना आणि मधपाळांना तेव्हा छायाचित्रे हवी असतात. त्याच सुमारास स्पीड नावाच्या चिमुकल्या गावात शेतीयंत्रांचे मोठे प्रदर्शन भरते. आपण नाशिकचे असल्याने द्राक्षबागांचे काम आपल्या ओळखीचे असेल. मरे नदीच्या पाण्यावर उभा राहिलेला मिल्डुराचा परिसर टेबल द्राक्षे, बेदाणे आणि संत्र्यांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि १८८७ साली मूळच्या कॅनडाच्या चॅफी बंधूंनी तिथे सिंचनाची वसाहत सुरू केली. वेलीची छाटणी कधी होते, घड केव्हा भरतो, मजूर कोणत्या वेळी मळ्यात असतात, हे ज्याला सांगावे लागत नाही असा छायाचित्रकार बागायतदाराला हवाच असतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. व्यवसायासाठी एबीएन, म्हणजे व्यवसाय नोंदणीचा क्रमांक, घ्यावा लागतो. वार्षिक उलाढाल ७५,००० डॉलरवर गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची होते. शाळांमध्ये काम करण्यासाठी व्हिक्टोरियात मुलांसोबत काम करण्याचा परवाना लागतो, आणि बहुतेक संस्था सार्वजनिक दायित्वाचा विमा मागतात. सार्वजनिक उद्यानांत व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवानगी घ्यावी लागते, आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिल्डुरा व्हिक्टोरियात असले तरी मरे नदी ओलांडताच न्यू साउथ वेल्स सुरू होते, त्यामुळे एकाच दिवशी दोन राज्यांच्या दोन वेगवेगळ्या नियमांखाली काम करण्याची वेळ येते. ड्रोन आणणार असाल तर तो १२० मीटरच्या वर नेता येत नाही, माणसांपासून ३० मीटर दूर ठेवावा लागतो, नजरेच्या टप्प्याबाहेर जाऊ देता येत नाही, आणि उद्यानांत स्वतंत्र परवानगीशिवाय उडवता येत नाही.

आता निसर्गाकडे येतो. मिल्डुराला राहण्याचा मोठा लाभ असा की एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर एकमेकांशी अजिबात साम्य नसलेले चार मुलूख आहेत. दक्षिणेला हट्टा-कुल्काइन उद्यानात मरेच्या पुराने भरणारी तळी आणि त्यांच्या काठचे रेड गम वृक्ष आहेत. ईशान्येला नदीपलीकडे मुंगो राष्ट्रीय उद्यान आहे, जिथल्या कोरड्या सरोवराच्या काठावरील मातीच्या भिंती विलँड्रा सरोवरांच्या जागतिक वारसा क्षेत्रात १९८१ पासून गणल्या जातात. नैर्ऋत्येला मरे-सनसेट उद्यानात गुलाबी तळी आहेत. आणि आग्नेयेला, सी लेक गावाशेजारी, टिरेल हे व्हिक्टोरियातले सर्वांत मोठे खारे सरोवर आहे. मुंगोमध्ये मातीच्या भिंतींवर वाटाड्याशिवाय चढता येत नाही. ती पाकान्त्यी, मुथी मुथी आणि न्गियाम्पा लोकांची भूमी आहे, सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष तिथे मिळाले आहेत, आणि त्यांच्या वाटाड्याने एखाद्या जागी कॅमेरा खाली ठेवायला सांगितले तर तो ठेवायचा. पाऊस पडला की तिकडचा कच्चा रस्ता बंद होतो, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती पाहून घ्यावी.

मात्र या प्रदेशाचा खरा गाभा म्हणजे मॅलीची झाडी. मॅली हा निलगिरीचाच एक प्रकार असून त्याला एक खोड नसते. जमिनीतल्या जाड गड्ड्यातून अनेक खोडे वर येतात, आणि वणव्यात सगळे जळले तरी त्याच गड्ड्यातून झाड पुन्हा फुटते. वर्षावनाची भव्यता मनात धरून आलेल्या माणसाला ही झाडी पहिल्या भेटीत कंटाळवाणी वाटते. उंची बेताची, रंग करडा-हिरवा, आणि खाली काटेरी स्पिनिफेक्स गवताची बेटे. या झाडीत राहणारा मॅलीफाउल हा कोंबडीएवढा, ठिपकेदार, अतिशय सावध पक्षी मी जगातल्या सर्वांत विलक्षण पक्ष्यांमध्ये गणतो, आणि त्याच्यासाठी मी या भागात राहिलो असे म्हटले तरी चालेल.

मॅलीफाउल अंडी उबवत नाही. नर हिवाळ्यात वाळूत खड्डा करून त्यात पालापाचोळा भरतो, पावसाने तो ओला होऊ देतो, आणि वर वाळू ओढून पाच मीटरपर्यंत रुंद आणि सुमारे एक मीटर उंच ढिगारा रचतो. कुजणाऱ्या पाल्याची ऊब वसंतात अंड्यांना पुरते, आणि पुढे उन्हाळ्यात सूर्याची उष्णता कामी येते. आतले तापमान ३३ अंशांच्या आसपास राहावे म्हणून नर महिनोन्‌महिने ढिगारा उकरत आणि पुन्हा झाकत राहतो. मी पाहिलेली एक सकाळ सांगतो. ऊन अजून झाडीच्या शेंड्यावरच होते. नर ढिगाऱ्यावर चढला, क्षणभर मान ताठ करून थांबला, आणि मग एका पायाने व लगेच दुसऱ्या पायाने वाळू मागे फेकू लागला. प्रत्येक झटक्याला वाळूची एक कमान उठायची आणि तिच्यातून तिरपा प्रकाश यायचा. मधूनच तो थांबून उघड्या चोचीने वाळू चाचपत होता, कारण त्याला तापमान कळते ते चोचीच्या आतल्या स्पर्शाने. खड्डा छातीइतका खोल झाल्यावर मादी झाडीतून आली, आत उतरली, अंडे घालून निघून गेली, आणि नराने तेवढाच वेळ घेऊन सगळे पुन्हा बुजवले. पिल्लू सुमारे दोन महिन्यांनी स्वतःच वाळू उकरत वर येते. त्याला ना आई भेटते ना बाप, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते उडू लागते.

अशा वेळी आपण दिसलो, शटरचा आवाज झाला किंवा लपणीतून, म्हणजे लपून बसायच्या आडोशातून, हात बाहेर आला, तर नर उघडा ढिगारा टाकून निघून जातो आणि आतली ऊब उडून जाते. म्हणून लपण आधी बऱ्याच अंतरावर उभारून पक्ष्याला तिची सवय होऊ द्यायची, अंधार असतानाच आत शिरायचे, शटर निःशब्द ठेवायचा, आणि पक्षी स्वतः निघून गेल्यावरच बाहेर पडायचे. ढिगाऱ्याची जागा कोणालाही सांगायची नाही. हा पक्षी ऑस्ट्रेलियात संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, कोल्हे त्याची अंडी आणि पिल्ले खातात, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश जातात हे पुष्कळांच्या ध्यानातही नसते. क्वीन्सलंडच्या पश्चिम भागात २०१३ साली नाइट पॅरट या अतिदुर्मीळ निशाचर पोपटाची जिवंतपणीची छायाचित्रे पहिल्यांदा मिळाली, तेव्हा ती जागा काटेकोरपणे गुप्त ठेवली गेली आणि पुढे एका संवर्धन संस्थेने ती जमीनच विकत घेतली. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत हाच शिरस्ता असावा, असे माझे ठाम मत आहे.

टिरेल सरोवरावर आपल्याला वेगळे कसब लागेल. हिवाळ्यात तिथे जेमतेम घोट्याखाली येईल इतके पाणी साचते आणि वारा पडला की संपूर्ण आकाश त्यात उतरते. या भागात पूर्वी राहणाऱ्या बूरोंग लोकांचे ताऱ्यांविषयीचे ज्ञान विल्यम स्टॅनब्रिज या वसाहतकाळातल्या जमीनदाराने टिपून ठेवले आणि १८५७ साली मेलबर्नमध्ये वाचले, म्हणून त्यातले थोडेतरी आज आपल्या हाती आहे. त्यांची नीलोआन म्हणजे आकाशातली मॅलीफाउल, आणि तिच्या जागी असलेला तेजस्वी तारा म्हणजे आपला अभिजित. ऑगस्टमध्ये रात्री नऊच्या सुमारास तो उत्तर क्षितिजापासून अवघ्या १५ अंशांवर दिसतो. तो सूर्याबरोबर मावळू लागला की मॅलीफाउलच्या अंड्यांचा हंगाम आला, असे बूरोंग समजत. हे कळल्यापासून उत्तरेकडच्या आकाशाची चौकट मी वेगळ्या लक्षाने लावतो.

आकाशाच्या बाबतीत नाशिकच्या सगळ्या सवयी इथे बदलाव्या लागतात. ध्रुवतारा दिसत नाही आणि दक्षिण ध्रुवाजवळ तेजस्वी तारा नाही, त्यामुळे ताऱ्यांचा माग घेणारे यंत्र जुळवणे कष्टाचे होते. मृग नक्षत्र उलटे दिसते, अगस्त्य उन्हाळ्यात जवळजवळ डोक्यावर येतो, आणि आकाशगंगेचा मध्यभाग, जो महाराष्ट्रात दक्षिणेला कलून दिसतो, तो जून ते ऑगस्टमध्ये थेट माथ्यावरून जातो. दिवसाचा सूर्यही दुपारी उत्तरेला असतो, म्हणून लपणीचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे याचा हिशेब उलटा मांडावा लागतो. सरोवरात गाडी कदापि घालू नये, कारण मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. तिकाटणे (ट्रायपॉड) पाण्यातून काढल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवावे, नाहीतर पायांचे सांधे मिठाने धरतात. प्रतिबिंब हवे असेल तर आपण जागेवर पोहोचल्यानंतर पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत अजिबात हलू नये.

उन्हाळा येथील छायाचित्रकाराचा शत्रूच म्हणावा लागेल. तापमान ४० अंशांच्या वर जाते, सकाळचे पहिले दोन-तीन तास उलटले की जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि कितीही महागडी लेन्स असली तरी दूरचा पक्षी धूसरच येतो. त्यावर एकच इलाज, तो म्हणजे जवळ असणे किंवा घरी असणे. लाल धूळ सेन्सरवर बसते, म्हणून लेन्स गाडीच्या आत, काचा लावून बदलावी. माझ्या वर्षातला सर्वोत्तम काळ मे ते ऑक्टोबर हा आहे. हिवाळ्यातल्या पहाटे दव गोठते, हवा स्वच्छ असते, आणि ऑगस्टपासून वॅटलची, म्हणजे इथल्या बाभळीची, पिवळी फुले आणि पक्ष्यांची घरटी एकाच वेळी सुरू होतात. रीजंट पोपट नदीकाठच्या रेड गमच्या ढोलीत घरटे करतो आणि चरण्यासाठी मात्र मॅलीच्या झाडीत जातो. त्याची ही रोजची वाट एकदा ओळखता आली, की तो कोणत्या फटीतून आणि कोणत्या प्रकाशात येणार हे आधी सांगता येते.

रोजच्या जगण्यातली मुख्य गोष्ट म्हणजे अंतर. मुख्य रस्ता सोडला की मोबाइल बऱ्याच ठिकाणी लागत नाही, म्हणून आपत्कालीन उपग्रह संकेतयंत्र, भरपूर पाणी आणि सुस्थितीतले जादा चाक गाडीत असावे, आणि कोणत्या वाटेने जाऊन कधी परतणार हे घरी सांगितलेले असावे. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, आणि नेमका तोच आपला कामाचा वेळ असतो, तेव्हा वेग कमी ठेवणे एवढेच हाती असते. रस्त्याकडेला मेलेली मादी दिसली तर गाडी सुरक्षित थांबवून तिची पिशवी तपासायची, हा इथला शिष्टाचार आहे. पिल्लू आचळाला धरून असेल तर ओढून काढायचे नाही. वन्यजीव बचाव केंद्राला फोन करायचा आणि ते सांगतील तसे करायचे. वणव्याच्या धोक्याची पातळी सर्वोच्च, म्हणजे ‘कॅटॅस्ट्रॉफिक’, जाहीर झाली की उद्याने बंद होतात, आणि त्या दिवशी कोणतेही छायाचित्र जिवापेक्षा मोलाचे नसते. एकटेपणाबद्दलही विचार करून यावे. मराठी बोलायला आठवडाभर कोणी भेटणार नाही असे होऊ शकते, मात्र मिल्डुरात भारतीय कुटुंबे आहेत, आणि पत्नीच्या रुग्णालयातली ओळख आपल्याला गावात फार लवकर सामावून घेईल.

निसर्गछायाचित्र म्हणजे सुंदर दृश्य एवढीच कल्पना असेल तर ती इथे थोडी रुंद करावी लागेल. १९८३ च्या निवडणुकीपूर्वी टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचे पीटर डोम्ब्रोव्हस्कीस यांनी काढलेले छायाचित्र वृत्तपत्रांत पानभर छापले गेले, आणि नियोजित धरणाविरुद्धच्या लढ्याचे ते प्रतीक बनले. धरण झाले नाही. आमच्या बाजूला डार्लिंग नदीवर मेनिंडी येथे जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये प्रचंड संख्येने मासे मेले. पहिल्या वेळी दोन स्थानिक माणसांनी पाण्यात उभे राहून मेलेले थोराड मरे कॉड हातात धरले, त्या चित्रफितीने साऱ्या देशाचे लक्ष त्या नदीकडे वळवले. ती काढणारे तिथेच राहत होते, म्हणून ती त्या दिवशी निघाली. एकाच तळ्याची भरलेली, आटलेली आणि पुन्हा भरलेली छायाचित्रे, त्याच जागेवरून आणि त्याच उंचीवरून घेतलेली, वैज्ञानिकांना आणि पाण्याचे नियोजन करणाऱ्यांना किती उपयोगी पडतात हे मी अनुभवले आहे. पर्यटकाला ती कधीच काढता येत नाहीत.

लेन्सबद्दल विचारलेत, तर आपल्याकडे आज असलेली टेलिफोटो लेन्सच घेऊन यावी. पक्ष्यांसाठी ५०० किंवा ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम पुरेशी आहे, आणि आकाशासाठी एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची एक रुंद लेन्स हवी. उरलेले पैसे उंच बांधणीच्या चारचाकी चालीच्या जुन्या पण निगा राखलेल्या गाडीत घालावेत, कारण लेन्सच्या अभावी हुकलेल्या छायाचित्रांपेक्षा रस्त्याच्या अभावी हुकलेली छायाचित्रे अधिक असतात. गाडीच्या खिडकीवर ठेवायची वाळूची पिशवी रिकामी आणावी आणि इथे आल्यावर गव्हाने भरावी. विमानतळावरच्या जैवसुरक्षा तपासणीत बुटांवरची माती आणि बिया पाहतात, म्हणून गोदावरीकाठचे बूट आणि तिकाटण्याचे पाय स्वच्छ घासून आणावेत, आणि तिथल्या घोषणापत्रात विचारलेले सर्व खरे लिहावे.

आल्यावर पहिले काही महिने दूर कुठेही जाऊ नये असा माझा आग्रह आहे. हट्टाच्या एका तळ्याची निवड करावी आणि तिथेच वारंवार जावे. गावातल्या फुटबॉल क्लबला पहिल्या हंगामाचे फोटो माफक दरात करून द्यावेत आणि कृषी प्रदर्शनातल्या छायाचित्र स्पर्धेत प्रवेशिका द्यावी. त्याचबरोबर मॅलीफाउलच्या ढिगाऱ्यांची दरवर्षी पाहणी करणाऱ्या व्हिक्टोरियातल्या स्वयंसेवकांच्या गटाला लिहावे. प्रशिक्षण देऊन ते नव्या माणसांना सोबत घेतात. प्रत्येक नोंदलेल्या ढिगाऱ्यापर्यंत चालत जायचे, तो वापरात आहे की सोडलेला हे तपासायचे, ठरलेल्या पद्धतीने फोटो आणि मोजमापे घ्यायची, असे ते काम असते. त्या चालण्यात मॅलीची झाडी जेवढी समजते तेवढी इतर कशानेही समजत नाही, आणि पाहणीला आलेले निम्मे लोक आसपासचे शेतकरीच असतात.